शरीकेचा दात

बैरूत, २ मार्च १९६६

आत्या,

तुझ्या हातांना चुंबन, आणि त्या हातांनी केलेल्या अंजीर-तिळाच्या मुरंब्याला दोन. बरणी पोहोचली, पण अर्धी. जुबैलचा बसवाला म्हणाला, "रस्ता खराब आहे, मुरंबा हिंदकळला." त्याच्या मिशीला तीळ चिकटले होते. मी आभार मानून बरणी घेतली. परत त्याच्याच बसने यायचं असतं माणसाला.

तुझं पत्र वाचलं. वाचलं म्हणजे सोडवलं. आत्या, चार वर्षं तू सिस्टरांच्या शाळेत काय केलंस? नुसते वाटाणे सोललेस? 'माझ्या अझीज पुतण्या', म्हणजे लाडक्या, असं लिहायचं होतं ना तुला? तू लिहिलंयस 'अझज'. आपल्या लिपीत ऱ्हस्व इकार लिहीत नाहीत, तो वाचणाऱ्याने आपल्या तोंडाने भरायचा असतो. पण दीर्घ ईकाराला 'ये' अक्षराचा एक दात आणि दाताखाली दोन ठिपके द्यावेच लागतात. तुझ्या अख्ख्या पत्रात एक दात असेल तर शपथ. बोळक्या तोंडाच्या बाईशी बोलतोय असं वाटत होतं. आणि म्हणे चर्चच्या वेदीवरच्या कापडांवर अक्षरं काढायला सगळा गाव तुझ्याकडे येतो!

असो. बातमी अशी की मला काम मिळालंय. पाद्री व्हायची सेमिनरी सोडल्यापासूनचं हे कितवं, ते मोजू नकोस. बंदरावर संत्र्यांच्या पेट्या मोजल्या, छापखान्यात लग्नपत्रिका जुळवल्या, मध्ये एका ग्रीक माणसाबरोबर स्पंज विकायला निघालो होतो, पण त्याची बोटच निघाली नाही. आता मी अनुवादक आहे. मालक कोण, ओळख! आपल्याच गावचा नौफल, आता ख्वाजा नौफल, म्हणजे शेठ. ब्राझीलमध्ये कापड विकून विकून सोन्याचा झालेला. कचेरीच्या दारावर पितळी अक्षरांत 'शरिकत नौफल', म्हणजे नौफल आणि कंपनी. एकेक अक्षर तुझ्या तव्याएवढं. आत जाताना माणूस आपोआप टोपी काढतो.

तर या ख्वाजाला मरियमेची भक्ती जडली आहे. आपल्या गावच्या मरियमेच्या गुहेत तो तिचा संगमरवरी पुतळा बसवणार आहे, इटलीहून मागवलेला. आणि त्याच्याकडे एक फ्रेंच पुस्तिका आहे. युरोपातल्या कुठल्याशा मंडळींना रोमकडून मरियमेसाठी एक नवा किताब हवाय, त्याचं हे गाऱ्हाणं. ती मी अरबीत आणायची. मोबदला म्हणजे साओ पाउलोचं तिकीट आणि तिथल्या दुकानात जागा. पुतळ्याचं उद्घाटन झालं की मी बोटीवर.

विषय समजावा म्हणून मी पाद्रींच्या व्याख्यानांना जातो. तिथे पंखा असतो, आणि नंतर कॉफी. परवा दोघांत जुंपली. पोपने १९५० साली जाहीर केलं की मरियम सदेह स्वर्गात गेली. पण आधी मेली की नाही, हे वाक्यात शिताफीने मोकळं ठेवलं. एक जण म्हणे मेली, मुलगा मेला मग आई कशी मरणार नाही? दुसरा म्हणे छे, जिला आदिपापाचा डागच नाही तिला मरण कशाचं? दोघांच्या कपाळाच्या शिरा तट्ट फुगल्या. मला मजा वाटली, की दोघांच्या आया म्हाताऱ्या होऊन इथेच कुठेतरी भाकरी भाजत असतील, त्यांची कोणी चौकशी करत नाही.

तुझा,
अझीज (दातासकट) तनूस

*

ऐन लौझ, २० मार्च

तनूस,

बसवाल्याच्या मिशीतले तीळ दिसले, स्वतःच्या डोक्यातली हवा दिसत नाही. मी पत्र लिहिते ते डाळ शिजताना. घाईत दात पडतात. तुला अर्थ लागला ना? मग झालं.

नौफल पुतळा बसवणार हे मला तुझ्याआधी कळलं. येऊन गेला तो. गुहेत शिरताना नाकाला रुमाल. म्हणाला, "मुंतहा, इथे फार ओल आहे." मी म्हटलं, "ख्वाजा, ती ओल नसती तर तू नसतास. तुझ्या आईला दूध येत नव्हतं तेव्हा ती इथे बसून छतावरचे थेंब ओंजळीत धरून प्यायली होती. तू तिच्या मांडीवर रडत होतास, तेव्हाही असाच, नाकातून." त्याने रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि मोजमापं घ्यायला लागला.

आपल्या सय्यदेची, मरियमेची, जुनी तसबीर काळी पडलीये म्हणे. पडणारच. मेणबत्त्यांचा धूर आहे, बायकांचे मुके आहेत. छाती उघडी टाकून मुलाला पाजणारी आपली सय्यदा त्याला लाज आणते. इटलीहून येणारी ती गळ्यापर्यंत झाकलेली आहे, आणि हात मोकळे. मूल कुठाय विचारलं, तर म्हणे, "या नमुन्यात मूल नसतं." हात मोकळे असलेली आई मी तरी अजून पाहिली नाही.

आता मन लावून वाच. खालच्या गावची झहरा आठवते ना? माझी दूधबहीण. तिची आई बाळंतपणात गेली तेव्हा माझ्या आईने एका बाजूला मला आणि एका बाजूला तिला घेतलं. ती शिया मुसलमान, मी मारोनी ख्रिस्ती, आणि आमचं एकच भांडण जन्मभर चाललंय. तिच्या मते मरियमेच्या मुलाला क्रुसावर चढवलंच नाही, अल्लाहने उचलून घेतलं. माझ्या मते चढवलं. त्यावर आम्ही एकमेकींना नावं ठेवतो, आणि मग मुलूखियाची भाजी निवडायला बसतो.

तिची लेक बतूल पुन्हा पोटुशी आहे. पहिलं मूल जन्मताच गेलं. दुसरं बारा दिवसांचं होऊन गेलं, बतूलच्या अंगावर दूधच उतरलं नाही. बकरीचं दूध पोराला सोसलं नाही. आता तिसरं, जुलैअखेरीस होईल. झहराने नवस बोललाय: ऑगस्टमध्ये सय्यदेच्या सणाच्या आदल्या दिवशी लेकीला आणि बाळाला गुहेत आणीन, थेंब पाजीन. बतूल रोज मला निरोप पाठवते, "मावशी, माझी जागा धरून ठेव." एवढ्यावर ती पोर खातेय आणि झोपतेय.

तुझ्या पाद्रींना सांग, सय्यदा मेली का गेली ते नंतर भांडा, आधी तिच्या दारात येणाऱ्या बायकांना वाट द्या.

कसला किताब म्हणालास तो?

मुंतहा
(मुंतहा म्हणजे शेवट. बापाने हे नाव ठेवलं कारण पाचव्या मुलीनंतर त्याला 'बस्स' म्हणायचं होतं. सहावी झालीच. शब्दांवर फार विसंबू नये, बाळा.)

*

झहले, १८ एप्रिल

आत्या,

पुनरुत्थानाच्या सणाच्या उशिराने शुभेच्छा. मी झहलेत कसा, विचारू नकोस. एका मित्राच्या भावाच्या लग्नाला आलो, लग्न मोडलं, पण अरकची दारू आधीच आणली होती. नदीकाठी बसून लोकांनी ती नवऱ्या मुलाच्या दुःखात संपवली. नवरा मुलगा सगळ्यांत जास्त हसत होता.

किताब सांगतो. लॅटिनमध्ये तो उच्चारताना दाढ दुखते. अर्थ असा, की येशूने जगाचं तारण केलं, त्यात मरियमेचाही हात होता, सबब तिला तसं नाव द्या. गंमत म्हणजे रोमच्या महासभेने हे नाव मुद्दाम वगळलं. त्यांचा आधी वाद हा, की मरियमेवर वेगळा लेख करायचा की चर्चच्या लेखातच तिला एक प्रकरण द्यायचं. मतदान झालं! दोन हजारांहून जास्त बिशप बसले होते आणि फरक पडला चाळीस मतांचा. चाळीस मतांनी आई घरच्या माणसांत मोजली गेली, नाहीतर वेगळ्या बंगल्यात राहिली असती. एक गट तिला चढवणारा, एक उतरवणारा. मधे ती बिचारी शिडीवर.

ख्वाजा चढवणारा. तो म्हणतो, "महासभा प्रोटेस्टंटांना घाबरली. नौफल कोणाला घाबरत नाही." रोम नाव देईल तेव्हा देईल, तो आपल्या पुतळ्याखाली आत्ताच कोरून टाकणार आहे.

आणि अरबी शब्द कोणी शोधला? तुझ्या पुतण्याने! जुन्या पाद्रींनी सात-सात शब्दांच्या माळा लावल्या होत्या. मी एका शब्दात बसवलं: शरीका. शरीकतुल फिदा, तारणातली भागीदारीण. ख्वाजाने टेबलावर हात आपटला: "शरीका! हा धंद्यातल्या माणसाला कळणारा शब्द आहे!" त्याने पुस्तिकेच्या दोन हजार प्रती काढल्या. आपल्या डोंगरातही वाटणार आहे.

पाटीवरची अक्षरं तूच काढून द्यायचीस, हेही मीच सुचवलं. माझे उपकार मान.

तनूस

*

ऐन लौझ, ९ मे

उपकारकर्त्या तनूसराव,

तुमची पुस्तिका डोंगरात वाटली गेली. आमच्याकडे तिच्यात भाजलेले चणे बांधून मिळतात. खालच्या गावात मात्र न्हाव्याने ती खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवली. गिऱ्हाईक कोण? बतूलचा सासरा, हाजी. अर्धी दाढी तशीच ठेवून तो उठला आणि त्यांच्या धर्मगुरूकडे, शेखकडे, गेला.

तू शाळेत शरीका लिहायला शिकलास, पण तो शब्द त्यांच्या कानाला कसा लागतो ते शिकला नाहीस. अरे, त्यांच्यात अल्लाहला शरीक जोडणं यापेक्षा मोठं पाप नाही. चोर माफ होतो, हा नाही. जन्मल्यापासून त्यांच्या शेजारी राहतोस आणि एवढंही डोक्यात येऊ नये? शेख भला माणूस आहे. तो म्हणाला, "मरियम आमचीही. तिच्या नावाचा अख्खा अध्याय, सुरा, आमच्या ग्रंथात आहे. आमच्या बायका त्या गुहेत गेल्या तर मी कधी बोललो नाही. पण जिच्या पायाशी 'शरीका' कोरलेलं असेल, तिच्यासमोर आपली बाई वाकणार नाही." हाजीने घरी येऊन जाहीर केलं: पाटी लागली की बतूल वर जाणार नाही.

झहरा आली होती. दारातूनच ओरडली, "काय गं, आमची सुटी केलीस का तुमच्यातून?"

मी म्हटलं, "मी केली? नौफलने केली. आणि माझ्या गाढव पुतण्याने."

"मग गाढवाला सांग, शब्द परत घे."

"आणि तू हाजीला सांग, दाढी पूर्ण कर."

हसली, आणि मग ओट्यावर बसून तोंड ओढणीत घातलं. बतूल जेवत नाहीये, तनूस. तिला वाटतं आता हेही मूल उपाशी जाणार. तिला समजावायला मी गेले तर म्हणाली, "मावशी, मी बतूल, माझं नावच तिचं. तुम्ही मरियमेला बतूल म्हणता, आम्ही फातिमेला. आणि मलाच दारातून परत पाठवणार?"

ख्वाजाकडे मी गेले होते. तो म्हणाला, "मुंतहा, सत्य हे बहुमताने ठरत नाही." पाच मिनिटं आधी पुतळ्याची जागा त्याने गावाच्या मतदानाने ठरवली होती.

तू त्याच्या कानाशी बसतोस. एक शब्द बदल. आई लिही, राणी लिही, काहीही लिही. बाकी जगात कितीतरी शब्द आहेत.

आत्या

*

त्रिपोली, १४ जून

आत्या,

तुझं पत्र माझ्यामागे फिरत फिरत इथे आलं. त्रिपोलीत मी पासपोर्टच्या फोटोसाठी आलो (इथला फोटोवाला नाक लहान काढतो), मग हलव्याच्या दुकानात शिरलो, मग एका माणसाने सांगितलं की मीना बंदरावर एक जण माशाच्या पोटातून निघालेलं घड्याळ विकतोय, ते बघायला गेलो. घड्याळ चालू होतं. मासाच खोटा होता.

आता तुझं. मला तुझी कीव येते, आत्या. ही ब्रह्मविद्या आहे, भाजीबाजार नव्हे. शरीका म्हणजे बरोबरीची वाटेकरीण असं कोण म्हणतं? लॅटिनमध्ये त्या शब्दाची सुरुवात 'सोबत' अशी आहे, 'समान' अशी नाही. त्याच्या हाताखाली, त्याच्या कृपेने, त्याच्यासोबत. हे पुस्तिकेच्या अकराव्या पानावर टिपेत लिहिलेलं आहे. खालच्या गावाने टीप वाचली नाही, हा माझा दोष? न्हाव्याच्या खुर्चीत बसून धर्मशास्त्र ठरायला लागलं तर अवघडच आहे.

ख्वाजाशी बोललो नाही. बोलणारही नाही. माझी बोट नऊ ऑगस्टची आहे. माझ्या खिशात आयुष्यात पहिल्यांदा एक तारीख आहे. पुतळ्याचं उद्घाटन जुलैच्या शेवटच्या रविवारी, बिशप येणार. शब्द बदला म्हटलं की तो मलाच बदलेल. बतूलला सांग, देव गुहेबाहेरही असतो. हे पुस्तिकेत नाही, मी सांगतो.

तू फक्त आपलं काम नीट कर. पाथरवटाला वाचता येत नाही, तू कोळशाने जे काढशील तेच तो कोरणार. म्हणून बजावतो: दात! शरीकेत 'रे' आणि 'काफ' या अक्षरांच्या मध्ये 'ये'चा दात येतो, खाली दोन ठिपके. तुझ्या सवयीप्रमाणे तो खाल्लास तर काय होईल माहितीये? शरीकाची होईल शरिका! म्हणजे कंपनी! शरिकतुल फिदा, तारण कंपनी! ख्वाजाच्या कचेरीच्या दारावरची पाटी गुहेत लागेल! मी इथे हलव्याच्या दुकानात एकटाच हसतोय, गिऱ्हाइकं बघतायत.

तेव्हा दात सांभाळ. विनोद पुरे.

तनूस

*

ऐन लौझ, ५ जुलै

बाळ तनूस,

तुझं म्हणणं पटलं. तू शिकलेला, मी अडाणी. ही ब्रह्मविद्या आहे, माझं काम कोळशाचं.

अक्षरं काढून दिली. ख्वाजाने लांबून पाहिली, म्हणाला, "छान, दाट आणि भारदस्त." अक्षरं अगदी खेटून घेतलीयेत. दोन अक्षरांच्या मध्ये सुई शिरणार नाही. आपल्या पाद्रीबाबांनी, अबूनांनी, आशीर्वाद दिला, त्यांना मोतीबिंदू आहे. पाथरवटाने खोल कोरलंय, बोट घातलं तर पेरभर जातं.

दाताची काळजी करू नकोस. दात मी नीट जपून ठेवलाय.

आत्या

*

बैरूत, ३ ऑगस्ट

आत्या,

जपून ठेवलास? कुठे? डब्यात?

काल ख्वाजाने मला कचेरीत बोलावलं. आत पाऊल टाकलं तर माणूस लाल, ओठ पांढरे. म्हणाला, "वाच." हातात फोटो. मी वाचलं. पुन्हा वाचलं. शरिकतुल फिदा.

"काय लिहिलंय?"

"तारण... कंपनी."

"मोठ्याने!"

"तारण कंपनी, ख्वाजा."

"बिशपांनी पडदा ओढला आणि मोठ्याने हेच वाचलं. चारशे माणसांपुढे! आणि मागून कोणीतरी विचारलं, 'शेअर कितीला?' आज सकाळी सूक अल-तवीले बाजारातला एक व्यापारी मला फोन करून विचारतो, स्वर्गात शाखा उघडलीस का म्हणून!" मग त्याने माझ्या खानदानाच्या शुद्धलेखनाबद्दल जे काढलं ते मी लिहीत नाही. तिकीट त्याने माझ्यासमोर दोनदा फाडलं. एकदा उभं, एकदा आडवं.

मी सांगितलं, "ख्वाजा, माझी प्रत बरोबर होती." तो म्हणाला, "तुझी आत्या चुकीची होती."

दात कोरून बसवता येत नाही म्हणे, जागाच नाही. अख्खा दगड बदलावा लागेल. तुला मी काय सांगितलं होतं? नेमकं हेच! अक्षरंसुद्धा सांगितली, कोणाच्या मध्ये काय ते! चार वर्षं सिस्टरांनी तुझ्या डोक्यात काय भरलं? एक दात, आत्या! एका दाताने माझा समुद्र गेला.

मी आता छापखान्यात परत. आज 'दफनविधीला यावे' असं जुळवतोय. बरं वाटतंय.

तनूस

*

ऐन लौझ, १७ ऑगस्ट

तनूस,

ओरडून झालं? आता पाणी पी आणि वाच. आज डाळ शिजवत नाहीये. सावकाश लिहिते आहे.

उद्घाटनाला तू असायला हवा होतास. अर्थात तुला वाटेत कोणी खोटा मासा दाखवला असता. नौफल पांढऱ्या सुटात, छातीवर कसलंतरी ब्राझिलियन पदक. तासभर भाषण. सय्यदा किती मोठी, आणि तिला मोठी करणारा किती मोठा. मग बिशपांनी पडदा ओढला, चष्मा नाकावर घेतला आणि खणखणीत आवाजात वाचलं. वाचल्यावर थांबले. पुन्हा बघितलं. मग खोकल्याचं निमित्त करून तोंडावर हात धरला, पण पोट हलत होतं रे त्यांचं. 'शेअर कितीला' हे विचारणारा आपला सुताराचा मुलगा. आणि मग हसणं असं पेटलं की गुहेच्या छतावरची वटवाघळं बाहेर आली.

नौफल माझ्यावर धावला. "मुंतहा! तू काय लिहिलंस!"

मी तोंड एवढंसं केलं. "ख्वाजा, मी अडाणी बाई. माझ्या पुतण्याला विचारा, मला दात जमतच नाहीत. बैरूतला अख्खी पत्रं आहेत पुराव्याला."

बिशप त्याला बाजूला घेऊन म्हणाले (मी मेणबत्त्या पुसत होते, कान काय पुसत नव्हते), "नौफल, जे नाव महासभेने दिलं नाही ते तू देऊ नयेस, असं मी दोनदा कळवलं होतं. आता दगडच तसं म्हणतोय. नुसतं 'सय्यदा' पुरे. नाहीतर काहीच नको, तिला सगळे ओळखतात." पाटी त्याच संध्याकाळी उतरवली. पुतळा राहिलाय, कोपऱ्यात. बायका त्याच्या मोकळ्या हातांवर ओढण्या वाळत टाकतात. अखेर काहीतरी धरायला मिळालं तिला.

खालच्या गावात बातमी पाटीच्याही आधी पोहोचली. हाजी शेखकडे गेला. शेखने विचारलं, "नक्की काय कोरलं होतं?" "शरिका." "दात होता?" "नव्हता." शेख एवढा हसला की त्याचं पागोटं सरकलं. म्हणाला, "हाजी, शरीका असती तर मी अडवलं असतं. कंपनी काढणं हराम नाही. सुनेला जाऊ दे."

बाळ ३० जुलैला झालं. मुलगा. रडतो तर डोंगर ऐकतो. दोन आठवडे बतूलच्या अंगावर थेंब नाही. झहराने गावातल्या एका लेकुरवाळीकडे पाठवून त्याला जगवलं, पण तिचं स्वतःचं मूल मोठं झालेलं, किती दिवस पुरणार? सणाच्या आदल्या दिवशी त्या दोघी वर आल्या. हाजी स्वतः गाढव धरून, मान दुसरीकडे वळवून. मी जागा धरून ठेवली होती, जुन्या तसबिरीच्या खाली, जिथे छत ठिबकतं तिथे. बतूल पाठ टेकून बसली. ओंजळ धरली. तिला कोणी बोललं नाही, कोणी उठवलं नाही, सासू नाही, चूल नाही. दुपार उलटली. मग तिची चोळी ओली झाली. झहरा आणि मी दोघी बघत होतो आणि दोघींनी एकदम दुसरीकडे बघितलं.

पाण्याने आलं, सय्यदेने आणलं, की त्या पोरीला लग्नानंतर पहिल्यांदा एक दुपार स्वस्थ बसायला मिळालं म्हणून आलं, ते तुझ्या पंख्याखालच्या पाद्रींना ठरवू दे. मतदान घ्या म्हणावं.

मी त्या शब्दाचा विचार केला, तनूस. तुला वाटतं मला विचार करता येत नाही. भागीदारीत वाटा मिळतो ना? मग तिला काय मिळालं? क्रुसाखाली उभी राहिली आणि शेवटी मुलगा मांडीवर आला, गार. याला भागीदारी म्हणणारा माणूस कापडच विकणार. झहरा म्हणते, तसं काही घडलंच नाही. मी म्हणते घडलं. पण भागीदारीण म्हटलेलं दोघींनाही सोसत नाही. आमच्या जन्मभराच्या भांडणात एकमत झालेली ही पहिली गोष्ट. त्याबद्दल तुझे आभार.

पाटीचं विचारशील. मी मागून घेतली. माझ्या हौदावर पालथी घातलीये, झाकण म्हणून चांगली जड आहे.

तुझं तिकीट गेलं त्याचं मला वाईट वाटतं. खोटं कशाला सांगू, थोडंसंच वाटतं. तू साओ पाउलोला जाऊन पितळी अक्षरांखाली बसून कापड मोजणार होतास. आठवडाभर. मग कोणीतरी तुला घड्याळवाला मासा दाखवला असता.

आणि हो. घाईत लिहिलं की माझे दात पडतात, हे खरं. पण दगडावर मी घाई करत नाही. कुठला दात काढला की काय होतं, तो कुठे बसतो, त्याच्या दोन्ही बाजूंना कोण, हे तर कोणीतरी मला त्रिपोलीहून हलव्याच्या दुकानात बसून सविस्तर कळवलं होतं. मी फक्त अक्षरं जवळ सरकवली. ख्वाजाला हे कळवायचं असेल तर खुशाल कळव. अर्ध्या दोषासाठी तुझं नाव घालायला विसरू नकोस.

सप्टेंबरात अंजीर येतील. या वेळी बरणीचं झाकण मी मेणाने बंद करीन. तूच ये, म्हणजे बसवाल्याला मिशी पुसावी लागणार नाही.

तुझी आत्या, आणि या कामातली तुझी शरीका.
(दात दिलाय. खाली ठिपके दोन. मोजून घे.)

मुंतहा